माळ्यावरच्या टीव्ही गेमचे चित्र का बिघडते

खानापूर तालुक्यातील जांबोटी भागातून एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्या थोरल्या चुलत्यांनी १९९४ साली मस्कतहून आणलेला, कॅसेट लावून खेळायचा टीव्ही गेम घराच्या माळ्यावर सापडला. सुरू केला की लाल दिवा लागतो. जुन्या २१ इंची टीव्हीला अँटेनाच्या वायरने जोडला तर कधी नुसता राखाडी पडदा दिसतो, कधी चित्र येते पण अक्षरे तुटकी आणि भलतीच असतात, आणि चित्रावरून एक रुंद काळपट पट्टा सावकाश वर सरकत राहतो. नव्या एलईडी टीव्हीला पिवळ्या पिनेच्या वायरने जोडल्यावर 'नो सिग्नल' येते. एकदा चित्र आले, तेही रंगाशिवाय. एका दुकानात त्यांना सांगण्यात आले की आतली आयसी, म्हणजे मुख्य चिप, गेली आहे, वस्तू टाकून द्या. टाकून द्यावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

टाकून देऊ नका. बेळगावात टीव्ही दुरुस्तीचे काम मी तीस वर्षांहून अधिक काळ करीत आलो आहे आणि या काळात असे गेम शेकड्याने हाताखालून गेले आहेत. तुमच्या वर्णनात आयसी गेल्याची एकही खूण नाही, उलट ती जिवंत असल्याची खूण आहे, कारण ज्या आयसीतून कधी तरी ओळखता येईल असे चित्र बाहेर पडते ती मेलेली नसते. तुम्ही सांगितलेल्या चार तक्रारी एकाच बिघाडाच्या नाहीत. सरकणारा पट्टा वीजपुरवठ्याचा आहे, तुटकी अक्षरे आणि राखाडी पडदा कॅसेटच्या जोडणीचा आहे, आणि 'नो सिग्नल' व रंगहीन चित्र हे दोन्ही बहुधा नव्या टीव्हीच्या बाजूचे आहेत. चारही तक्रारी एकत्र पाहिल्यामुळे मोठा बिघाड असल्याचा समज होतो आणि मग सगळा दोष आयसीवर जातो. एकेक तक्रार सुटी करून, गेम उघडण्याआधी बाहेरूनच तपासत गेलात, तर बरेचसे काम घरीच होईल.

आधी या डब्याच्या आत काय चालते ते थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे तपास कशासाठी आहेत ते ध्यानात येईल. त्या काळी आपल्याकडे आणि आखातात विकले गेलेले कॅसेटचे बहुतेक गेम हे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या तैवान-चीनमध्ये बनलेल्या नकला होत. त्यांत दोन मुख्य भाग असतात. एक भाग खेळाचा प्रोग्रॅम चालवतो, दुसरा केवळ चित्र रचतो. हे दोघे कॅसेटमधून आपापला मजकूर वेगवेगळ्या पिनांवरून वाचतात. प्रोग्रॅमची मेमरी वेगळी आणि चित्रांच्या तुकड्यांची मेमरी वेगळी. जुन्या बोर्डांवर हे दोन भाग दोन लांबट आयसींच्या रूपात दिसतात. पुढच्या काळातल्या स्वस्त बोर्डांवर दोन्ही एकाच काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली असतात. चित्र रचणारा भाग कॅसेट नसतानाही टीव्हीला लागणारे ठोके, म्हणजे सिंक, पाठवत राहतो. म्हणूनच स्थिर राखाडी किंवा एकरंगी पडदा दिसला तर समजावे की चित्राचा भाग चालू आहे, त्याला क्रिस्टलचा, म्हणजे वेळेचे ठोके देणाऱ्या भागाचा, ठोका मिळतो आहे आणि पाच व्होल्टही पोहोचत आहेत. फक्त प्रोग्रॅम वाचला जात नाही. आतून काहीच येत नसेल तर पडद्यावर राखाडी रंग दिसत नाही, मुंग्या दिसतात.

आता पट्ट्याकडे येतो, कारण वीजपुरवठा सुधारल्याशिवाय बाकीच्या कोणत्याही तपासावर विश्वास ठेवता येत नाही. तुमचा ॲडॅप्टर मस्कतचा असेल तर त्याला चौकोनी तीन पायांची पिन असणार, किंवा कोणी तरी ती कापून आपली दोन पायांची लावलेली असणार. तिथला आणि इथला विजेचा दाब जवळपास सारखा आहे आणि दोन्हीकडे ५० हर्ट्झच चालते, त्यामुळे त्यात अडचण नाही. अडचण असते ती ॲडॅप्टरच्या वयाची. आत एक ट्रान्सफॉर्मर, वीज एकाच दिशेने सोडणारे चार डायोड आणि वीज साठवणारा एक मोठा कंडेन्सर असतो. चारही डायोड ठीक असतील तर बाहेर येणाऱ्या विजेत सेकंदाला १०० लहरी राहतात आणि त्या कंडेन्सर भरून काढतो. कंडेन्सर सुकला की त्याच लहरी चित्रावर उतरतात. आपला टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवतो, म्हणून १०० लहरींचे पडद्यावर दोन पट्टे होतात. एखादा डायोड तुटला तर लहरी ५० वर येतात आणि पडद्यावर एकच रुंद पट्टा दिसतो. तुम्ही एक पट्टा असे लिहिले आहे. तो नीट मोजा, खोलीत अंधार करून मोजा, कारण दुसरा पट्टा पुष्कळदा फिकट असतो आणि उजेडात दिसत नाही. खरोखर एकच असेल तर डायोड, दोन असतील तर कंडेन्सर, असा माझा पहिला अंदाज असतो आणि तो क्वचितच चुकतो. पट्टा सावकाश सरकतो याचेही कारण हेच आहे. गेमचे ५० आणि विजेचे ५० यांच्यात अगदी किंचित फरक असतो, तेवढ्याच वेगाने तो सरकतो. गेम ६० हर्ट्झचा असता तर पट्टा इतका भरभर पळाला असता की तुम्ही त्याला पट्टा न म्हणता थरथर म्हटले असते. म्हणजे तुमच्या एका वाक्यावरून गेम ५० हर्ट्झचा, आपल्या टीव्हीला जुळणारा आहे, हेही कळले.

पट्टा टीव्हीचाच आहे का, हे पाहण्यासाठी त्याच टीव्हीवर केबलच्या सेट-टॉप बॉक्सचे चित्र लावून बघा. तिथेही पट्टा असेल तर गेमचा दोष नाही. टीव्हीच्या आत मात्र हात घालू नका. २१ इंची रंगीत पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. ते काम माहितगाराकडेच द्यावे.

सेट-टॉप बॉक्सचे चित्र स्वच्छ आले तर ॲडॅप्टरची परीक्षा करण्याचा सोपा उपाय सांगतो. टॉर्चचे मोठे सहा सेल एकापुढे एक जोडा. त्यांचे ९ व्होल्ट होतात आणि त्यात लहर नावालाही नसते. या सेलांवर गेम चालवा. पट्टा नाहीसा झाला तर ॲडॅप्टर दोषी, प्रश्न मिटला. बाजारात मिळणारा लहान चौकोनी ९ व्होल्टचा सेल यासाठी वापरू नका. गेमला लागणारी वीज त्याला फार वेळ पुरवता येत नाही, दाब लगेच खाली येतो आणि निष्कर्ष चुकतो.

सेल किंवा दुसरा ॲडॅप्टर जोडण्याआधी एक गोष्ट मल्टिमीटरने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ती म्हणजे पिनेच्या मध्यभागी धन आहे की ऋण. मूळ फॅमिकॉमच्या पिनेत मध्यभागी ऋण असते, पण नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात आणि बाजारातल्या सर्वसाधारण ॲडॅप्टरमध्ये बहुधा मध्यभागी धन असते. मी धंद्यात नवा असताना शहापूर भागातल्या एका मुलाचा गेम माझ्याकडे आला होता. त्याचा ॲडॅप्टर हरवला होता, म्हणून मी जवळच्या दुकानातून एक आणून लावला. त्याच्यावर ९ व्होल्ट छापले होते, चिन्ह छापले नव्हते आणि मी मोजले नाही. रेग्युलेटर, म्हणजे दाब ५ व्होल्टवर आणणारा भाग, आणि कंडेन्सर बदलले तरी चित्राचा भाग पुन्हा उठला नाही. तो मुलगा पुढचे कित्येक दिवस शाळा सुटल्यावर दारात येऊन उभा राहत असे. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या कोणत्याही यंत्राला मोजल्याशिवाय वीज लागत नाही. काही जुन्या गेमांचे ॲडॅप्टर एसी देणारेही असतात. लेबलावर आउटपुटच्या पुढे डीसी लिहिले आहे ना, हेही पाहून घ्या. आणखी एक, ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या ॲडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेले असले तरी भार नसताना मीटर १२ किंवा १३ दाखवतो. तो दोष नव्हे, त्या पद्धतीच्या ॲडॅप्टरची ती रीतच आहे.

ॲडॅप्टर निर्दोष निघाला तर डबा उघडावा लागेल. आत ॲल्युमिनियमच्या लहान पत्र्याला आवळलेला तीन पायांचा ७८०५ रेग्युलेटर दिसेल. त्याचे छापील तोंड आपल्याकडे ठेवले की डावा पाय आत येणारी वीज, मधला ऋण आणि उजवा बाहेर जाणारे ५ व्होल्ट. गेम चालू असताना डाव्या पायावर ७ व्होल्टच्या वर दाब हवा, उजव्यावर ४.८ ते ५.२ यांच्या दरम्यान हवा. मीटर एसीवर ठेवून उजवा पाय पुन्हा मोजा; तिथे काही मिलिव्होल्टच दिसावेत. ७८०५ वर ५ आणि आयसीपाशी मात्र ४ च्या आसपास, असेही मी अनेकदा पाहिले आहे, आणि त्या वेळी दोष चालू-बंद करायच्या बटणात असतो. माळ्यावर पंचवीस-तीस वर्षे पडून असलेल्या सरकत्या बटणाचे आतले पत्रे काळे पडतात, त्यांतून वीज जाते पण दाब वाटेत खाल्ला जातो. लाल दिवा चार व्होल्टवरही जवळपास तितक्याच तेजाने लागतो, म्हणून दिवा लागला एवढ्यावरून काही ठरवू नका. कमी दाबावर मेमरी चुकीचे वाचते आणि अक्षरे भलतीच येतात. बटण बंद-चालू वीस-पंचवीस वेळा केल्याने पत्रे घासले जाऊन तात्पुरता फरक पडला, तर बटणच बदलून टाका.

सोल्डरकडेही भिंग लावून पाहा. वीज आत येते त्या जॅकचे पाय, बटणाचे पाय आणि ७८०५ चे पाय यांच्याभोवतीच्या सोल्डरमध्ये केसासारखी बारीक गोल रेघ दिसली, पायाला अंगठी घातल्यासारखी, तर तो ड्राय सोल्डर आहे. जॅकमध्ये पिन घालता-काढताना पाय हलतात आणि ७८०५ रोज तापून थंड होतो, त्यामुळे या तीन जागा इतर ठिकाणांच्या आधी तडकतात. जुने सोल्डर खेचून काढावे आणि मग नवे भरावे. वरूनच थोडे आणखी लावले तर महिनाभरात तडा परत येतो.

वीज ठीक झाल्यावर तुटक्या अक्षरांकडे वळा, आणि इथे जांबोटी भागाचा पाऊस विचारात घ्यावा लागतो. खानापूरच्या पश्चिमेकडून, कणकुंबी-जांबोटीकडून येणारे यंत्र मी उघडण्याआधीच ओळखतो. स्क्रूंच्या डोक्यांवर पांढरट पापुद्रा आलेला असतो आणि कॅसेटच्या तोंडाशी नाक नेले की ओल्या पोत्यासारखा वास येतो. निपाणीकडून येणाऱ्या यंत्रांची गोष्ट वेगळी असते. तिथे ओल कमी, पण ज्या घराला लागून तंबाखूची वखार आहे त्या घरातल्या गेममध्ये तपकिरी भुकटीचा थर बसलेला असतो. दोन्हींचा परिणाम एकाच जागी होतो, कॅसेट बसते त्या फटीत.

या फटीत ६० स्प्रिंगदार पत्रे असतात, तीस एका बाजूला आणि तीस दुसऱ्या बाजूला, आणि दोन पत्र्यांमधले अंतर २.५४ मिलिमीटर असते. साठांपैकी एखाद्यावर जरी हिरवट कीट असले तरी खेळ बिघडू शकतो. आणि कोणत्या पत्र्यावर ते आहे त्यावर पडद्यावर काय दिसेल ते ठरते. प्रोग्रॅमच्या वाटेवरचा पत्रा बिघडला तर राखाडी किंवा एकरंगी पडदा येतो, आवाज येत नाही, किंवा एकच सूर अडकून राहतो. चित्रांच्या वाटेवरचा पत्रा बिघडला तर खेळ आतून नीट चालतो, संगीत बरोबर वाजते, स्टार्ट दाबल्यावर पुढे जातो, पण अक्षरांच्या जागी विटांचे तुकडे आणि माणसाच्या जागी रेघोट्या दिसतात. तुमच्याकडे कधी पहिला आणि कधी दुसरा प्रकार दिसतो, याचा अर्थ दर वेळी कॅसेट बसवताना वेगवेगळे पत्रे टेकत आहेत. असा बदलता दोष मला दिसला की माझी काळजी कमी होते, कारण मेलेली आयसी रोज नवे रूप दाखवत नाही.

लहानपणी आपण सगळ्यांनी कॅसेटमध्ये फुंकर मारली आहे आणि पुष्कळदा त्यानंतर गेम चालूही झाला आहे. तो फुंकरीने चालू होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवताना पत्रे घासले जात आणि जोड लागे. तोंडातली वाफ मात्र तांब्यावर राहते आणि पुढच्या पावसाळ्यात तिचे कीट होते. म्हणून फुंकर मारू नका.

साफसफाईची माझी पद्धत अशी आहे. कॅसेटचे स्क्रू काढून आतली पट्टी बाहेर घ्यायची. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला दुकानात आयपीए म्हणतात, ते कापसाच्या काडीवर घेऊन पट्टीच्या बोटांवरून, म्हणजे तिच्या कडेवरच्या धातूच्या रेघांवरून, लांबीच्या दिशेने पुसायचे, आडवे नाही. आडवे पुसले की एका बोटावरची घाण दुसऱ्यावर जाते. पहिली काडी काळी होईल, दुसरी राखाडी, तिसरी-चौथी स्वच्छ येईपर्यंत थांबायचे नाही. थिनर वापरू नये, त्याने डब्याचे प्लॅस्टिक विरघळते. शाळेतला खोडरबर पुष्कळ कारागीर वापरतात. बोटे नुसत्या तांब्याची किंवा कथील चढवलेली असतील तर हलक्या हाताने एकदा चालतो, पण सोनेरी मुलामा असलेल्या चांगल्या कॅसेटवर मी तो कधीच वापरत नाही, कारण मुलामा निघाला की उघडे तांबे ओल धरते. फटीसाठी जुन्या एटीएम कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळून, आयपीएने ओलावून, कॅसेटसारखे दहा-बारा वेळा आत-बाहेर करावे. कार्ड आणि कापड मिळून कॅसेटच्या पट्टीइतकेच जाड असावे. जाड झाले तर पत्रे कायमचे फाकतात आणि मग खरी कॅसेट सैल बसते. एखादा पत्रा आधीच आत दबलेला दिसला तर बारीक सुईने तो अर्धा मिलिमीटर पुढे ओढता येतो, त्याहून जास्त ओढू नका. काम झाले की डबा उघडाच ठेवून, त्यापासून हातभर अंतरावर ४० वॅटचा दिवा रात्रभर लावून ठेवा. खानापुरातल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत नुसते वाळायला ठेवून काहीही वाळत नाही.

तपासणीसाठी कॅसेट निवडतानाही विचार करावा. शेकडो खेळ भरलेली कॅसेट घेऊ नका. तिच्यात खेळ निवडण्यासाठी जास्तीचे सर्किट असते आणि दोष त्या सर्किटचा आहे की यंत्राचा, हे सांगता येत नाही. पहिल्या मारिओची एकच खेळ असलेली कॅसेट मिळाली तर उत्तम. तिच्यात प्रोग्रॅमची ३२ किलोबाइट आणि चित्रांची ८ किलोबाइट एवढ्याच दोन मेमरी असतात, मध्ये दुसरे काही नसते. मी तीच एक कॅसेट वर्षानुवर्षे कामाच्या टेबलाच्या खणात जपून ठेवली आहे.

आता एलईडी टीव्हीचे 'नो सिग्नल'. इथे सुरुवातीला वायर आणि टीव्ही तपासा, गेम बाजूला ठेवा. सेट-टॉप बॉक्स त्याच वायरने, त्याच सॉकेटला जोडून चित्र येते का बघा. आले नाही तर गेमचा काही संबंध नाही. अलीकडच्या अनेक टीव्हींना पिवळे-लाल-पांढरे सॉकेट नसते. हेडफोनसारखे एकच भोक असते आणि त्यात घालायची चार कड्यांची पिन वेगळी मिळते. या पिनेतल्या कड्यांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नाही. एका कंपनीच्या वायरमध्ये जिथे चित्र असते तिथे दुसरीच्या वायरमध्ये आवाज असतो. वायर टीव्हीबरोबर आलेली नसेल तर गेमची पिवळी पिन आळीपाळीने त्या वायरच्या पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या सॉकेटमध्ये घालून पाहा. एखाद्यात चित्र आले तर क्रम उलटा आहे एवढेच. तिन्हींत आले नाही, तर ऋणाची कडीच वेगळ्या जागी असण्याची शक्यता आहे आणि त्या टीव्हीची योग्य वायरच आणावी लागेल.

वायर निर्दोष ठरली आणि सेट-टॉप बॉक्स चालतो पण गेम चालत नाही, तर टीव्ही गेमचा सिग्नल नाकारत आहे. आपल्याकडच्या टीव्ही चित्राच्या पाल नावाच्या पद्धतीत ६२५ ओळींचे चित्र विषम आणि सम अशा दोन अर्ध्यांत पाठवले जाते. जुने गेम तसे करत नाहीत. ते दर वेळी त्याच ३१२ ओळी त्याच जागी रंगवतात. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला याने काही फरक पडत नाही, पण एलईडी टीव्हीतला चिप नियमातला सिग्नल शोधतो आणि तो न सापडल्यास काही टीव्ही सरळ 'नो सिग्नल' दाखवतात, तर काही एक क्षण चित्र दाखवून काळे होतात. यात यंत्राचा दोष नाही. एव्हीचे, म्हणजे पिवळ्या पिनेच्या सिग्नलचे, एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारा लहान डबा मध्ये लावला तर बहुतेक वेळा चित्र मिळते. स्वस्त डबे मात्र बटण दाबल्यानंतर चित्र किंचित उशिरा दाखवतात आणि बारीक रेषा थरथरवतात, हे आधीच सांगून ठेवतो. माझे प्रामाणिक मत असे की, घरात पिक्चर ट्यूबचा टीव्ही चालू स्थितीत असेल तर गेम त्यावरच खेळावा आणि तो टीव्ही भंगारात देऊ नये.

रंगहीन चित्राची दोन कारणे संभवतात. पहिले अगदी साधे आहे. काही एलईडी टीव्हींमध्ये एव्ही आणि कंपोनंट, म्हणजे तीन वायरींनी चित्र देण्याची जोडणी, या दोन्हींसाठी हिरवे सॉकेट सामाईक असते. पिवळी पिन त्या हिरव्यात घालून टीव्हीवर सोर्स कंपोनंट निवडला गेला तर टीव्ही फक्त उजेड-अंधार वाचतो आणि चित्र काळे-पांढरे येते, त्यावर बारीक ठिपक्यांची जाळी असते. रिमोटवरून सोर्स एव्ही निवडला की रंग येतात. तुम्हाला एकदाच चित्र आले आणि ते रंगहीन होते, त्यावरून मला याचाच दाट संशय आहे. दुसरे कारण रंगाच्या ठोक्याचे. पाल पद्धतीत रंगाचा ठोका ४.४३ मेगाहर्ट्झचा असतो, जपान-अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत ३.५८ चा. डबा उघडलाच आहे तर क्रिस्टलवरचा आकडा वाचा, २६.६०१ असेल तर यंत्र पालचे, २१.४७७ असेल तर एनटीएससीचे, कारण दोन्ही आकडे आपापल्या रंगाच्या ठोक्याच्या सहापट आहेत. ओमानमध्ये आपल्यासारखीच पाल पद्धत असल्याने तुमच्या यंत्रात पहिलाच आकडा सापडावा. आकडा बरोबर असूनही जुन्या टीव्हीवर रंग येत-जात असतील, तर क्रिस्टलशेजारी पेचकसाने फिरवायचा लहान गोल ट्रिमर असतो का ते पाहा. असल्यास प्लॅस्टिकच्या पेचकसाने, आधीच्या जागेवर पेन्सिलीची खूण करून, अगदी थोडासा फिरवा. धातूचा पेचकस नुसता टेकला तरी ठोका बदलतो.

जुन्या टीव्हीवर अँटेनाच्या वायरने जोडताना चॅनेल व्हीएचएफच्या खालच्या पट्ट्यात, बहुधा २, ३ किंवा ४ वर शोधावे लागते. शोधताना मुंग्या जाऊन पडदा एकदम शांत झाला की गेमचा मॉड्युलेटर, म्हणजे चित्र चॅनेलवर पाठवणारा भाग, सापडला. तुम्हाला राखाडी पडदा आणि चित्र दोन्ही मिळाले आहेत, त्यामुळे हा भाग तुमच्याकडे चालू आहे. त्यावर वेळ घालवू नका.

दोन गोष्टी दोष वाटतात पण दोष नसतात. एकरंगी आकाशावर उभ्या, समान अंतरावरच्या फिकट रेघा दिसल्या तर त्या या जातीच्या यंत्रांत मुळापासूनच असतात. चित्र रचणाऱ्या भागाच्या शेजारून जाणाऱ्या वायरांचा तो परिणाम आहे आणि त्या घालवण्यासाठी बोर्डावर प्रयोग करू नयेत. दुसरे म्हणजे नेमबाजीच्या खेळांसाठीची बंदूक. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो आणि पिक्चर ट्यूबवर चित्र ज्या क्षणी रंगते त्या क्षणावर तिचे सगळे गणित बसवलेले असते. एलईडी टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, म्हणून तिथे नेम कधीच लागणार नाही. बंदूक उघडून पाहण्याची गरज नाही.

आयसी खरोखर कधी गेली असे म्हणावे? आयसीच्या पायांपाशी पूर्ण ५ व्होल्ट आहेत, क्रिस्टल बदलून पाहिला आहे, फट आणि कॅसेट स्वच्छ आहेत, दुसऱ्या यंत्रावर चाललेली कॅसेट लावली आहे, आणि तरीही सिंकसुद्धा बाहेर येत नाही. किंवा यंत्र सुरू केल्यापासून मिनिटाच्या आत आयसीवर बोट ठेववत नाही इतकी ती तापते. यांपैकी एक स्थिती आली तरच मी ते म्हणतो. चित्र आधी चांगले येऊन दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू विस्कटत असेल, तर तापल्यावर आयसी चुकते आहे की सोल्डर सुटते आहे, हे बोर्डावर एकेका जागी लाकडी काडीने हलके दाबून बघता येते. दाबल्यावर चित्र बदलले तर सोल्डर. लांबट आयसीचा बोर्ड असेल तर दुसऱ्या मोडक्या यंत्रातून ती काढून लावता येते, मी लावलेल्या आहेत. काळ्या थेंबाचा बोर्ड असेल तर तो भाग बदलता येत नाही, संपूर्ण बोर्डच शोधावा लागतो.

तुम्ही बेळगावला येणारच असाल तर येण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून आणा. ॲडॅप्टरच्या लेबलावरचा सगळा मजकूर, अंधारात मोजलेल्या पट्ट्यांची संख्या, सहा सेलांवर पट्टा राहिला की गेला, आणि कॅसेट साफ केल्यावर अक्षरांत काही फरक पडला का. सोबत फक्त गेम आणू नका. ॲडॅप्टर, टीव्हीची वायर आणि चुलत्यांच्या सगळ्या कॅसेटही पिशवीत घाला. पावसाचे दिवस असतील तर सगळे कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, आणि आल्यावर तासभर ते नुसते टेबलावर राहू द्यायची तयारी ठेवा. ओलसर यंत्राला मी लगेच वीज लावत नाही.